एका पालखीचे दोन भोई



परळचा भोईवाडा तुम्हाला ठाऊक असेल. नसला, तर केईएम आणि टाटा या दोन रुग्णालयांची नावे घेतली की वाट सापडते. घरच्या माणसाच्या दुखण्याच्या निमित्ताने कितीतरी वारकरी या बाजूला येऊन गेलेले असतात. वस्तीच्या नावातच भोई आहे. भोई मासे धरीत, तशी पालखीही वाहत. पालखी वाहण्याचा एक साधा नियम असतो. पुढच्याने आणि मागच्याने पाऊल मिळवायचे, पण दोघांनी एकाच जागी उभे राहायचे नाही. दोघेही पुढच्या दांडीला आले तर पालखी मागून जमिनीला टेकते. दोघांनी दोन वाटा धरल्या तर आतली मूर्ती पडते.

आज ज्या विषयाचे चिंतन करायचे आहे त्याला हा दृष्टांत पुरेसा आहे. अर्थ ही पालखी आहे. शब्द आणि चित्र हे तिचे दोन भोई आहेत.

हा विषय आपल्या मासिकात कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण असे की आज आपल्या नातवंडांना संत भेटतात ते बहुतेक पडद्यावर. गिरणगावात एके काळी चाळीचाळीत भजनी मंडळ असे. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार पाळी संपवून टाळ घेऊन बसे आणि त्याच्या मांडीवरचे पोर न शिकवता अभंग शिके. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग एकेक चाळ गेली, आणि चाळीबरोबर ती बैठकही पुष्कळ ठिकाणी मोडली. आता भोईवाडा, परळ, लालबाग इथल्या मुलाला तुकोबा तीन ठिकाणी दिसतात: हातातल्या मोबाइलवर, शाळेच्या वर्गातल्या पडद्यावर आणि गणेशोत्सवातल्या चलचित्र देखाव्यात. तिन्ही ठिकाणी शब्द आणि चित्र एकत्र येतात. ही माध्यमे बंद पडणार नाहीत, आणि पडावीत असेही मला वाटत नाही. ती अर्थ पोहोचवतात का, एवढेच तपासायचे आहे. पालखी नुसती सजलेली असून भागत नाही. ती मुक्कामाला पोहोचली पाहिजे.

शब्द आणि रूप यांची जोड आपल्याला नवी नाही. विठ्ठलाची मूर्तीच पाहा. अभंगात 'कट' हा शब्द येतो. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला तो कापण्याचा वाटतो, आणि मराठी शाळेतल्या मुलाला कारस्थानाचा. अशा वेळी शब्दकोश उघडण्याची गरज नसते. मूर्तीकडे बोट दाखवावे. हात कमरेवर आहेत. कट म्हणजे कंबर. 'समचरण' हा शब्दही तसाच. विटेवरची दोन पावले सारखी जुळलेली दिसली की शब्द उलगडतो. शब्द कानात पडतो त्याच क्षणी डोळ्याला नेमकी तीच जागा दिसते, आणि दुसरे काहीही हलत नाही, चमकत नाही. शिकवण्याच्या साधनाचा याहून चांगला नमुना कोणता? पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे आणि जवळच नामदेवांची पायरी आहे. तिथे उभे राहून एखाद्या जाणत्याने दोन वाक्ये सांगितली, तर जो अर्थ मुलाच्या मनात जातो तो घरी पानभर वाचून जात नाही. जागा दाखवते, शब्द सांगतो. दोघे आपापली दांडी सोडीत नाहीत.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली आपल्या मराठी बोलांविषयी सांगतात की ते ऐकताना श्रोत्याची सगळी इंद्रिये आपसांत भांडू लागतील, कारण प्रत्येकाला वाटेल की हा विषय माझाच. हे भांडण गोडीचे आहे. शब्द एकच आहे आणि डोळ्यालाही तो हवासा वाटतो. आजच्या पडद्यावरही इंद्रियांचे भांडण लागते, पण ते वेगळे. तिथे कानाला एक वाट दाखवलेली असते आणि डोळ्याला दुसरी. माउलींचे भांडण मनाला एके ठिकाणी आणते. पडद्यावरचे भांडण मन फोडते.

वारकरी कीर्तनात चित्र नसते. देवासमोर उभे राहून कीर्तनकार एक अभंग घेतो, चरणाचरणाचे निरूपण करतो, मागे टाळकरी प्रमाण उचलतात. पाहणाऱ्याच्या डोळ्याला फारसे काम नसते, म्हणून डोळा आत वळतो. प्रत्येक श्रोता आपापली चंद्रभागा मनात वाहवतो. ही रीत ज्याच्या अंगात मुरली आहे त्याला पडद्याची गरज नाही. पण ज्याने चंद्रभागा पाहिलेली नाही, जाते ऐकलेले नाही, नांगर हाती धरलेला नाही, त्या मुलाने मनात काय उभे करावे? त्याच्याजवळ भांडवलच नाही. त्याला चित्र लागते. म्हणून 'नाम पुरे, चित्र कशाला' हे आजोबांच्या बाबतीत खरे असले तरी नातवाच्या बाबतीत अपुरे पडते.

चित्राच्या साह्याने कथा सांगण्याची आपल्या मुलखातली एक जुनी रीत इथे आठवते. भोईवाड्यात आणि परळमध्ये ज्यांचे मूळ गाव सिंधुदुर्गात आहे अशी घरे पुष्कळ. त्यांच्या कुडाळ तालुक्यात पिंगुळी हे गाव आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी सांगतो. रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेल्या सुट्या कागदांची पोथी असते. कथेकरी एक चित्र उभे धरतो आणि गात, बोलत त्यातल्या पात्रांची कथा पुढे नेतो. त्या प्रसंगाचे बोलणे संपले की पुढचे चित्र घेतो. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही रीत नीट पाहा. चित्र स्थिर आहे, हालचाल आवाजात आहे. डोळ्याला काय पाहायचे ते कान सांगतो. बोलणे संपेपर्यंत चित्र पळून जात नाही. आणि चित्रात काय काढलेले नाही, ते ऐकणाऱ्याने भरायचे असते.

मग पडदा आला. दादासाहेब फाळक्यांनी दादरला तयार केलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. मूकपटात आधी अक्षरांची पाटी दिसे, मग प्रसंग. वाचणे आणि पाहणे आळीपाळीने होई. त्याचा तोटा असा की वाचता न येणाऱ्याला शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागे. पुढे बोलपट आला आणि शब्द आणि चित्र एकाच क्षणी भेटू लागले. ही भेट संतचरित्रात कशी घडवावी याचा धडा १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने घालून दिला. 'संत तुकाराम' हा तो चित्रपट. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांचे, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत सेंट्रल सिनेमात तो सत्तावन्न आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. व्हेनिसच्या मंडळींना मराठी येत नव्हते, हे लक्षात घ्या.

या चित्रपटाचा आरंभच आपल्या विषयावरचे निरूपण आहे. तुकोबा विठ्ठलासमोर बसून गातात. चेहरा निश्चल, शब्दांना कसलीही सजावट नाही. लगेच पुढे सालोमालो तेच शब्द आपले म्हणून गातो, हातवारे करीत, ताना मारीत. शब्द तेच आहेत. चित्र बदलले आणि पहिला शब्द खरा ठरला, दुसरा खोटा. निवेदकाला सांगावे लागत नाही की एक भक्त आहे आणि दुसरा नक्कल करणारा. शब्दाला जे सांगता येत नाही ते चित्राने सांगितले आहे. भोई म्हणून चित्राने आपली दांडी कशी उचलावी ते इथे कळते.

दुसरे उदाहरण जिजाईचे. तुकोबांच्या मुखी वैराग्य आहे आणि जिजाईच्या घरात रिकामी भांडी आणि आजारी पोर आहे. गौरीबाईंनी ही भूमिका इतकी घरची केली आहे की नटी दिसतच नाही. इथे चित्र शब्दाची री ओढत नाही, ते शब्दाला प्रश्न विचारते: या भक्तीची किंमत घरात कोणी दिली? शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि जिजाई खाली उरते. अभंग ऐकून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांनाही तो प्रश्न लागतो. चित्र शब्दाचा भालदार असून चालत नाही, त्याने साक्षीदार व्हावे. साक्षीदार कधी अवघड साक्षही देतो.

पण ज्या चित्रपटाचे एवढे गुण गायचे, त्याची एक जोखीमही सांगितली पाहिजे. त्यातले बीज आणि वृक्षाचे एक पद शांताराम आठवले यांनी लिहिलेले आहे. ते अभंगाच्या वळणात इतके उतरले की कित्येकांनी ते तुकोबांचे समजले, आजही समजतात. आठवले यांच्या प्रतिभेला हा नमस्कारच आहे. तरी वारकऱ्याने इथे थांबावे. आपल्या संप्रदायात 'प्रमाण' या शब्दाला वजन आहे. कोणता शब्द कोणाचा, हे आपण सोडीत नाही. चित्र खरे वाटले की त्याच्या खांद्यावरून जो शब्द येतो तोही खरा वाटू लागतो. पागनीसांच्या चेहऱ्याचेही तसेच. तुकोबांचे त्यांच्या काळातले चित्र आपल्यापाशी नसताना अनेकांच्या मनात तुकोबा म्हणजे पागनीसच होऊन बसले. एवढ्या सात्त्विक हातांतून हे घडते, तर आज घाईघाईने तयार होणाऱ्या चित्रफितींतून काय घडेल? चित्राची ताकद जितकी मोठी, तितकी शब्दाची राखण अधिक करावी लागते.

आता आपल्या अंगणातल्या देखाव्याकडे येऊ. लालबाग-परळचा गणेशोत्सव जुना आहे. चिंचपोकळीचा १९२० पासूनचा, गणेशगल्लीचा १९२८ पासूनचा. मोठमोठ्या मंडळांइतकीच या भागातल्या गल्ल्यांतली छोटी मंडळे चलचित्रांसाठी ओळखली जातात. मंडपाच्या अंधारात माणसांची एक तुकडी आत घेतात, पडदा सरकतो, लाकूड-कापड-प्लॅस्टरच्या मूर्तींचे हात मोटरवर हलतात, आणि ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होते. दहा-पंधरा मिनिटांत संतचरित्र, शेतकऱ्याचे दुःख, मुलींचे शिक्षण, पाणी वाचवणे असा कोणताही विषय उभा राहतो. वाचता न येणाऱ्यालाही तो कळतो, पैसे पडत नाहीत, आणि करणारी पोरे दिवसाची नोकरी सांभाळून रात्र-रात्र जागलेली असतात. हे लोकशिक्षणाचे मोठे साधन आहे. म्हणूनच त्याची परीक्षा प्रेमाने पण नीट केली पाहिजे. कोणा एका मंडळाविषयी मी बोलत नाही. अनेक ठिकाणी दिसणारी गोष्ट सांगतो.

गाथा तरल्याचा प्रसंग घ्या. परंपरा सांगते की वह्या इंद्रायणीत बुडवल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावरच्या शिळेवर बसले. या प्रसंगाचा प्राण कशात आहे? त्या तेरा दिवसांत. पण देखाव्यात बहुधा असे होते: निवेदक 'तेरा दिवस' म्हणेपर्यंत निळा प्रकाश लागलेला असतो, मोटर घरघरते आणि वह्या वर येऊ लागलेल्या असतात. कान उपोषण ऐकतो, डोळा चमत्कार पाहतो. अशा वेळी डोळा जिंकतो. मुलगा बाहेर येऊन सांगतो, पुस्तके बुडाली आणि वर आली. तुकोबांचे बसणे त्याच्या हाती लागतच नाही. दोन भोयांची पावले चुकली आणि पालखीतला देव वाटेत राहिला.

यावर उपाय खर्चाचा नाही. निवेदन 'तेरा दिवस' म्हणत असताना सगळे थांबवावे. एक दिवा, एक बसलेला माणूस, पाण्याचा मंद आवाज, बाकी काळोख. निवेदकानेही थोडे गप्प राहावे. मग वह्या वर याव्यात. मुलाला थांबणे दिसेल, आणि तरच वर येण्याला अर्थ येईल.

दुसरा दोष अधिक खोल आहे. जनाबाई जात्यावर दळते असे निवेदक सांगतो आणि समोरच्या मूर्तीच्या अंगावर जरीची नऊवारी, गळ्यात ठुशी, चेहऱ्यावर नुकतीच पावडर. चोखोबांच्या वाट्याला आलेल्या हीनतेचे शब्द ऐकू येतात आणि मूर्ती एखाद्या सरदारासारखी उभी असते. आपण हे आदरापोटी करतो, हे खरे. पण शब्द कष्ट सांगतो आणि चित्र श्रीमंती दाखवते, तेव्हा मुलाच्या मनात कष्ट खोटे ठरतात. गिरणीत उभ्याने पाळी काढलेल्यांच्या वस्तीत तरी कष्टाला जरी नेसवण्याचे कारण नव्हते. जनाबाईच्या हातावर जात्याचा घट्टा दाखवला, तर तो शंभर दिव्यांच्या प्रभावळीपेक्षा जास्त सांगेल.

मोबाइलवरच्या अभंगांच्या आणि हरिपाठाच्या चित्रफिती हे तिसरे ठिकाण. साधारण रूप असे: सोनेरी अक्षरे गिरक्या घेत येतात, मागे देऊळ फिरते, वरून फुले पडतात, विठ्ठलाच्या डोळ्यांची उघडझाप होते, मृदंगावर यंत्राचा ठेका चढवलेला असतो, आणि या सगळ्यांतून एक गोड आवाज वाट काढीत असतो. पाहताना प्रसन्न वाटते. दोन दिवसांनी मुलाला विचारा, काय आठवते? फुले आठवतात.

असे का होते याचा अभ्यास परदेशात झाला आहे, तो आपल्याला उपयोगी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी शब्द आणि चित्रे एकत्र आली की माणूस कसा शिकतो यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि २००१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. प्रयोगांचे विषय साधे होते: सायकलला हवा भरायचा पंप कसा चालतो, वीज कशी चमकते. निष्कर्षही साधे. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र एकत्र असले तर अधिक समजते. ज्या क्षणी शब्द, त्याच क्षणी त्याचे चित्र असावे. विषयाशी संबंध नसलेली मजेदार माहिती आणि पार्श्वसंगीत घातले तर समज वाढण्याऐवजी घटते. चित्र चालू असताना आवाजात सांगितलेलेच सगळे पडद्यावर अक्षरांतही लिहिले, तर डोळा चित्र आणि अक्षरे यांत फाटतो. आणि या साऱ्याचा लाभ विषय नव्याने शिकणाऱ्याला अधिक होतो, जाणत्याला कमी. आजोबा आणि नातू यांच्याविषयी वर जे म्हटले, ते प्रयोगानेही असेच निघाले.

मात्र हे निष्कर्ष आपल्या अभंगावर जसेच्या तसे लावू नयेत. मेयर यांचा विषय समजण्याचा होता. आपल्याकडे दोन कामे वेगळी आहेत: पाठांतर आणि अर्थ. हरिपाठाचे अठ्ठावीस अभंग मुखी यावेत म्हणून चित्रफीत करायची असेल, तर आवाज आणि अक्षरे एकत्र हवीतच, कारण जुने मराठी शब्द नुसते ऐकून मुलाला नीट पकडता येत नाहीत. मेयर यांनीही अनोळखी शब्दांपुरती अशी सवलत ठेवली आहे. पण मग चित्र एकच असावे आणि ते स्थिर असावे: विटेवरचे रूप. डोळा अक्षरावर, मन रूपाशी. अर्थ सांगायचा असेल तेव्हा उलटे करावे. आवाज सांगेल, चित्र दाखवेल, आणि अक्षरांत फक्त तो एक अडलेला शब्द येईल, 'कट' सारखा, तोही जिथे बोट दाखवायचे तिथेच. दोन्ही कामे एका फितीत कोंबली की एकही होत नाही.

अक्षरांची शुद्धी हा वेगळा मुद्दा आहे. पडद्यावर एकदा छापलेला चुकीचा पाठ हजारो मोबाइलांवर पोहोचतो, आणि मुलाच्या दृष्टीने तोच मूळ पाठ होतो. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादित झालेली तुकोबांची गाथा १८६९ ते १८७३ या काळात मुंबईत छापली गेली. हस्तलिखिते जुळवून, पाठभेद पाहून ते काम झाले. तेव्हा खिळे जुळवणाऱ्यांनी जी सावधगिरी बाळगली, ती आज बोटाच्या एका टिचकीने अभंग पसरवणाऱ्याने बाळगू नये का? ज्याला फीत करायची आहे त्याने आधी गाथा उघडावी, फडावरच्या जाणत्याला वाचून दाखवावे, मग रंग भरावेत.

आता तुमच्या हाती एक सोपी परीक्षा देतो. कोणताही देखावा, कोणतीही चित्रफीत असो. एकदा डोळे मिटून ऐका. नुसत्या शब्दांतून अर्थाचा अर्धा भार उचलला गेला पाहिजे. मग आवाज बंद करून पाहा. नुसत्या चित्रातून दुसरा अर्धा उचलला गेला पाहिजे. डोळे मिटूनही सगळेच कळत असेल, तर चित्र फुकटचे चालले आहे. आवाज बंद केल्यावर भलतेच काही कळत असेल, तर चित्र दुसऱ्या गावाला निघाले आहे. तिसरी परीक्षा दोन दिवसांनी घ्यायची. पोराला जवळ घेऊन विचारायचे, तुकोबा काय म्हणाले? त्याच्या तोंडून एखादा चरण आला, मोडकातोडका का होईना, तर ज्याने ते साधन केले त्याला दंडवत घालावा. नुसते रंग आले तर त्याला प्रेमाने सांगावे की माउली, पुढच्या वर्षी थोडे कमी करा.

हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि ते आपले कामही आहे. देखाव्याची संहिता लिहिणारी पोरे आपल्याच गल्लीतली आहेत. शाळेचे शिक्षक आपल्याच दिंडीत चालतात. आषाढीला भोईवाड्यातली, नायगावातली माणसे वडाळ्याच्या विठ्ठलाला, आपल्या प्रतिपंढरपूरला, रांग लावतात. त्या रांगेत कडेवरच्या मुलाला आई जे शिकवते ते नीट ऐका. ती गाभाऱ्याकडे बोट दाखवते आणि एकच शब्द म्हणते. बोट ज्या क्षणी वर जाते त्याच क्षणी शब्द निघतो, आणि मग ती गप्प राहते. मूल रूपाकडे पाहते, आणि पाहता पाहता तोच शब्द पुन्हा म्हणते.

तिला कोणी हे शिकवलेले नसते. आपल्या मंडपात, वर्गात आणि मोबाइलवर एवढी शिस्त आली तरी पुष्कळ झाले. शब्द मुलाच्या मुखी राहील आणि रूप त्याच्या मनात राहील.

रामकृष्ण हरी.